‘जा’ म्हणणारं यंत्र

“हात नको लावू, ओलं हाय अजून!”

मी पुलाखाली ओढ्यातल्या एका दगडावर तोल सांभाळत उभा होतो. आवाज काठावरून आला. लुगड्याचा काचा मारलेली, साठीच्या आसपासची एक बाई बांबूच्या पट्ट्यांची जुडी काखेत धरून माझ्याकडे बघत होती.

“या टोपल्या तुमच्या आहेत?”

“मग काय तुझ्या?”

पुलाच्या कठड्यावरून तिने दोरी खाली सोडली होती आणि दोरीला पाच-सहा टोपल्या बांधल्या होत्या. नुकताच हिरवा-गुलाबी रंग दिलेल्या. त्या नेमक्या आमच्या डबीच्या खाली लोंबत होत्या. ती डबी म्हणजे आमचं पाणी मोजायचं यंत्र. ते खाली आवाज सोडतं, आपल्याला ऐकू न येणारा, आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती दूर आहे ते काढतं. खरं तर ते पाण्याची उंची मोजत नाही. पाणी किती जवळ आलं ते मोजतं. त्या सकाळी पाणी अचानक फार जवळ आलं होतं. लख्ख ऊन असताना खापरओढ्याला पूर आल्याचं यंत्राने जाहीर केलं आणि काठच्या बुरूडवस्तीतले सगळे फोन वाजले.

“इथे कशाला टांगल्या?”

“उन्हात तडकतात. इथं सावली बी हाय आन् वारं बी.” मग डबीकडे हनुवटी करून म्हणाली, “त्या डब्याचं काय बिघडलं?”

मी सांगायचा प्रयत्न केला. ती मन लावून ऐकत होती असं वाटलं, म्हणून मी ऑफिसमध्ये अमृताला फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. अमृता आमच्या पूर-सूचना प्रकल्पातली संगणक सांभाळणारी. मी टोपल्या बाजूला केल्या.

“गेला,” अमृता म्हणाली. “पूर ओसरला.”

बाई खदखदून हसली. जुडी खाली टाकून दगडावर आली, पदर सावरला आणि स्वतःचा हात डबीखाली उंच धरला.

“आला गं बाई परत,” फोनमधून आवाज आला. “मिहिर, काय चाललंय तिथे?”

“पूर पारूबाईच्या हातात आलाय म्हणावं,” ती म्हणाली.

अशी पारूमावशींची आणि माझी ओळख झाली. गणपती नुकतेच गेले होते. मी भूभौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून त्या प्रकल्पात लागलो होतो आणि ओढ्याकाठी डब्या बसवणं, पुसणं, कोळ्यांची जाळी काढणं हे माझं काम होतं. टोपल्या कठड्याच्या दुसऱ्या बाजूला टांगायचं मावशींनी कबूल केलं. निघताना मी विचारलं,

“सकाळी तुम्हाला फोन आला होता ना? पूर येतोय म्हणून?”

“आला की.”

“मग घर का नाही सोडलंत? पूर खोटा होता हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.”

“‘जा’ म्हणतं त्ये,” मावशी म्हणाल्या. “‘जा’ म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं?”

माझ्या आईलाही ‘जाते’ म्हटलेलं चालत नाही. दारातून निघताना ‘येते’ म्हणायचं. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल.

*

त्यानंतर पुलावर काम असलं की मी वस्तीत डोकावायला लागलो. मावशींचं घर ओढ्याकडचं शेवटचं. खोली एक, पण दारापुढच्या ओट्यावर सगळा संसार: चिरलेले बांबू, रंगाचे डबे, अर्धवट विणलेली सुपं. यजमान वारून बरीच वर्षं झाली होती. आता लेक जयू बाळंतपणाला आली होती. नववा लागलेला. तिचा नवरा दौंडकडे एका गोदामात कामाला होता. जयू बारावीपर्यंत शिकलेली, तिला यंत्रात रस होता. पण मला चिडवण्यात जास्त.

“सर, तुमच्या डबीला कळतं का खाली पाणी आहे का टोपली ते?”

“नाही.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच.”

एकदा मी त्यांना आमचा ध्वनिमुद्रित संदेश पुन्हा ऐकवला. बातम्यांसारखा स्वच्छ, बाईचा आवाज: “खापरओढ्याची पातळी धोक्याच्या वर गेली आहे. ताबडतोब सुरक्षित ठिकाणी जा. संदेश मिळाला असल्यास एक दाबा.” सुरक्षित ठिकाण म्हणजे चढावरची शाळा.

“यात काय बदलायला हवं?” मी विचारलं. शब्द बदलायचे असतील तर सुचवा, असं आमच्या प्रकल्पप्रमुख सरांनी सांगितलं होतं.

“‘या’ म्हणायला सांग तिला,” मावशी बांबूची पट्टी तासत म्हणाल्या.

“पण मावशी, ‘या’ कसं म्हणणार? ‘या’ म्हणायला समोर कुणीतरी उभं पाहिजे. म्हणजे मी शाळेत असलो तर तुम्हाला ‘शाळेत या’ म्हणेन. इथे फोन संगणकावरून येतो. संगणक ऑफिसात. तो शाळेत नाहीच.”

“मग त्याला सांग, गप बस म्हणून.”

जयू हसायला लागली. “आये, ते बरोबर बोलतायत. मशीन कुठनं बोलतंय त्यावर ‘जा’ का ‘या’ ठरणार.”

“तू गप. तुला काय आठवतंय त्या वेळचं.”

मला तो विषय व्याकरणाचा वाटला होता आणि व्याकरणात मी बरोबर होतो. तरी बैठकीत मी सूचना मांडली. सर म्हणाले, धोक्याच्या वेळी आज्ञा स्पष्ट असावी, ‘जा’च राहू दे. तो मंजूर झालेला मजकूर होता. विषय तिथेच मिटला.

दसऱ्याच्या सुमाराला जयू बाळंत झाली. मुलगी. मी पेढे खायला गेलो तेव्हा मावशींनी मला ओट्यावरच थांबवलं. आतून धुरीचा, ओव्याचा वास येत होता. “दुरून बघ,” त्या म्हणाल्या आणि दारातून ते गुंडाळलेलं गाठोडं जरा वर करून दाखवलं. मला फक्त एक नाक दिसलं.

*

बाळाची पाचवी पुजून दोनच दिवस झाले होते. रविवार होता. दुपारी जेवायला बसणार तोच अमृताचा फोन आला.

“डोंगरावर काय चाललंय कळत नाही. पर्जन्यमापक वेड्यासारखा टिचक्या मारतोय.”

आमच्या पर्जन्यमापकात पळीएवढं एक भांडं असतं. ते भरलं की कलंडतं, कलंडलं की एक टिचकी मोजली जाते. भर पावसातही दोन टिचक्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो. अमृताने फोन संगणकाच्या स्पीकरजवळ धरला. प्रत्येक नोंदीला तो टिक् वाजतो, तसं आम्हीच हौसेने करून ठेवलं होतं. टिक्-टिक्-टिक्-टिक्, मधे जागाच नव्हती.

“आतल्या भांड्यावर सरडा-बिरडा चढला नाही ना?” मी विचारलं.

“वरच्या दोन्ही मापकांवर सरडा? मिहिर, वरच्या पुलाची डबीही चढायला लागली. पाऊण तासात वस्तीत. मी संदेश सोडतेय.”

मी स्कूटर काढली. वाटेत ऊन होतं. वस्तीतही ऊन होतं, पिवळं, ढगाआडून येणारं. ओढ्यात गुडघाभर पाणी. पुलाजवळच्या गल्लीत फोन वाजत होते आणि लोक दारात येऊन आकाशाकडे, मग ओढ्याकडे, मग एकमेकांकडे बघत होते. काहीजण निघाले होते. मला ओळखणारे म्हणाले, “परत टोपल्या टांगल्या का काय कुणी?” मी ओरडून सांगितलं की नाही, खरं आहे, डोंगरावर ढग फुटलाय. माझा चेहरा बघून म्हणा, लोकांनी पोरं उचलली.

मावशी ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. फोन शेजारी वाजत होता. त्यांनी तो तोडला.

“मावशी, उठा. जयूला घ्या, शाळेत चला.”

“ऊन पडलंय बाबा.”

“इथे पडलंय. डोंगरावर नाही. हे पाणी तिथून येणार आहे.”

“घट उठलेत. आता कसला पूर येतोय?” फोन परत वाजला. त्यांनी परत तोडला. “हे बघ, दर मिनिटाला. जा, जा, जा.”

“मावशी, माझ्यावर विश्वास नाही का?”

आत बाळ कुरकुरलं. मग त्यांनी आवाज खाली आणला, जयूला ऐकू जाऊ नये म्हणून.

“तुझ्यावर हाय. ऐक. ही जयू दोन-तीन वर्सांची व्हती तवाचा पूर. तवा बी एक माणूस भोंगा घेऊन आला. म्हणला, शाळेत जा. गेलो आम्ही. समदी वस्ती गेली. गेटाला कुलूप. चावीवाला न्हाई, मास्तर न्हाई, कुत्रं न्हाई. ‘जा’ म्हणणारा तर कुठं गेला कुणास ठाऊक. पाऊस उघडेस्तोवर गेट धरून उभं व्हतो. ही पोरगी माझ्या पोटाशी थरथरत व्हती. महिनाभर तापानं पडली. वाचती का न्हाई असं झालं.” त्यांनी आत पाहिलं. “आता ओली बाळंतीण हाय ती. आन् ते एवढंसं. त्यांना घिऊन मी परत त्या गेटाला उभी ऱ्हाणार न्हाई. इथंच माळ्यावर चढवीन.”

माळा म्हणजे छताखाली टाकलेल्या चार फळ्या. मी घराची उंची बघितली, काठाची बघितली. वरच्या पुलावरचा आकडा मी मोबाइलवरच्या आलेखात पाहिला होता. माळ्यापर्यंत पाणी येणार होतं.

शाळेचं दार उघडलं आहे की नाही हे मी कुणालाही विचारलं नव्हतं. अमृतानेही नाही. आमच्या नकाशावर शाळेच्या जागी एक हिरवा ठिपका होता, एवढंच.

“मावशी, मी शाळा उघडतो. उघडली की फोन करतो. मग याल?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तू तिथं असशील?”

“असेन.”

“दाराशी?”

“दाराशी.”

“मग बोलाव. आम्ही तयार बसतो. तुझा फोन आला की निघणार, तोवर न्हाई.”

“जातो,” मी म्हणालो.

“येतो म्हण रं!”

“येतो.”

*

चढ अर्धा संपला आणि वस्तीवरही पाऊस सुरू झाला, एकदम, थेंबांआधीच धारा. शाळेच्या गेटाशी वस्तीतली तीस-चाळीस माणसं उभी होती. गेटाला कुलूप होतं.

शिपाई तुपेमामांचा नंबर भिंतीवर रंगवलेला होता. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. मागे सनई-चौघडा.

“तुपेमामा, शाळेची चावी?”

“खिशात हाय.”

“तुम्ही कुठे आहात?”

“सासवडला. पुतणीच्या लग्नात, काढीव मुहूर्त हाय. कोण बोलतंय?”

मी सांगितलं. पूर, वस्ती, बाळंतीण. तिकडे कुणीतरी “मामा, अक्षता!” म्हणून हाक मारत होतं.

“हेडमास्तरांना विचारल्याबिगर मी काय सांगू?” मामा म्हणाले. मग सनई जरा लांब गेली. “किती लहान हाय पोर?”

“सात दिवसांचं.”

“गेटाचं कुलूप नवं हाय, त्याच्या नादी लागू नका. कडी गंजलीय, ती तोडा. आतल्या दाराची चावी पायरीच्या कुंडीखाली. आन् माझं नाव घेऊ नका.” मग, “घ्या, घेतलं तर घेतलं.”

समोर घर बांधायचं काम चाललं होतं. तिथून एकाने पहार आणली. कडी दुसऱ्या दणक्याला सुटली. माणसं आत पळाली, वर्गांची दारं उघडली, बाकं सरकवली. मी दाराशी उभा राहून मावशींना फोन लावला.

‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.’

परत लावला. व्यस्त. परत. व्यस्त.

त्या कुणाशी बोलत असतील? अशा वेळी? आणि मग माझ्या लक्षात आलं. ज्याने ‘एक’ दाबलं नाही त्याला आमचा संगणक पुन्हा फोन करतो. तो थकत नाही, म्हणून आम्हाला त्याचा अभिमान होता. मावशी तो तोडत होत्या आणि तो लगेच पुन्हा लागत होता. वस्तीतले बाकी सगळे ‘एक’ दाबून मोकळे झाले होते. आता संगणकाचं सगळं लक्ष मावशींवर होतं. माझ्या फोनला त्यांच्यापर्यंत पोहोचायला फट उरली नव्हती.

पळत खाली जावं तर दार सोडावं लागणार होतं. मी अमृताला फोन लावला.

“पारूमावशींचा नंबर यादीतून काढ.”

“लाल पातळीवर नाही काढता येत, तुला माहीत आहे. सरांची परवानगी लागते. मिहिर, खालच्या पुलाची डबी चढायला लागली.”

“अमृता, त्या माझ्या फोनची वाट बघत बसल्यात आणि आपलं यंत्र लाइन अडवून बसलंय. ते ‘जा’ म्हणतंय म्हणून त्या येऊ शकत नाहीत.”

तिला काय कळलं मला माहीत नाही. तिने विचारलं नाही. कळफलकाचा आवाज आला. “पूर्ण संदेशच बंद करतेय. सर मला मारणार. लाव.”

एका घंटीत फोन उचलला गेला.

“मावशी, मिहिर बोलतोय. दार उघडलंय. मी दाराशी आहे. या.”

“आलो,” मावशी म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही संदेश बदलला. आधी दार उघडणाऱ्याला फोन जातो. तो दाराशी पोहोचून बटण दाबतो, मग त्याच्याच आवाजात वस्तीला निरोप जातो. कुणीच पोहोचलं नाही तर थोड्या वेळाने जुना संदेश आपोआप सुटतो. सरांनी बराच वाद घातला आणि मग स्वतः त्यावर टिपण लिहिलं. पण हे सगळं नंतर. त्या दुपारी मी चढाच्या वळणाकडे बघत उभा होतो आणि वळणावर पावसाशिवाय काही नव्हतं.

खालून आवाज आला. पाण्याचा नव्हे; दगड घरंगळल्याचा. ओढा दगड आणतो तेव्हा तसा येतो. दाराशी उभी असलेली माणसं वाकून खाली बघायला लागली.

मग वळणावर एक इरलं दिसलं. शेतात लावणी करताना पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, कासवाच्या पाठीसारखं. ते संथपणे चढत होतं. त्याखाली दोन पाय होते. मागे मावशी, डोक्यावर काही नाही, दोन्ही हातांनी इरलं मागून सावरत, लुगडं गुडघ्याच्या वरपर्यंत गाळाने माखलेलं. म्हणजे गल्लीत पाणी शिरलं होतं.

मी धावलो नाही. मी म्हटलं होतं, दाराशी असेन.

त्या गेटातून आत आल्या, पायऱ्या चढल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. मावशींनी इरलं जरासं उचललं. आत जयू वाकून उभी होती आणि तिच्या छातीशी गाठोडं. जयूचे पाय सोडले तर दोघी कोरड्या होत्या. बाळाच्या कपाळावरचा काजळाचा टिळासुद्धा पुसला नव्हता.

“या ना आत,” मी म्हणालो.

मावशी हलल्या नाहीत. त्यांचे दात वाजत होते. “तशी कशी येईल? पहिल्यांदा बाहेर पडलंय लेकरू. तुकडा ओवाळ.”

“काय?”

“भाकरतुकडा रं. ओवाळून टाक, मग आत घेतात.”

कुणीतरी बाई मागून म्हणाली, “सरका, मी ओवाळते.” पण मावशींनी मान हलवली. “त्यानं बोलावलंय.”

“मावशी, मी पुरुष आहे. मला हे येत नाही.”

“बाई-बाप्याचं काय त्यात? दाराशी जो उभा असंल त्यानं ओवाळायचं.”

त्या मागच्या बाईने आपल्या फडक्यातून भाकरीचा चतकोर काढून माझ्या हातात दिला. मी तो तोडला. कुठून कुठे फिरवायचा ते कळेना. जयूने हसू दाबत नजरेने दाखवलं: डोक्यावरून, खाली, परत. मी तिच्यावरून आणि बाळावरून तुकडा फिरवला. एक तुकडा उजवीकडे टाकला, एक डावीकडे.

“पाणी?” मी विचारलं.

“पाणी हाय की मोप,” मावशी म्हणाल्या, आणि तीस-चाळीस भिजलेली माणसं हसली.

जयूने उजवा पाय आत टाकला.

पहिलीचा वर्ग होता. भिंतीवर अ अननसाचा. बाकं जोडून त्यावर कुणीतरी कोरडं गोणपाट घातलं होतं, त्यावर जयू भिंतीकडे तोंड करून बसली आणि बाळ दूध प्यायला लागलं. बायकांनी मावशींना कोरडं लुगडं दिलं. मी दाराशी परत जायला निघालो तेवढ्यात अमृताचा फोन आला.

“खालची डबी गेली,” ती म्हणाली. “पाणी तिच्यापर्यंत आलं आणि मग काहीच नाही. त्या सगळ्या…?”

“आल्या,” मी म्हणालो. “सगळे आले.”

तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

मी फोन खिशात घातला. डोळ्यांसमोर अजूनही तो आलेख होता, आणि पुढचा आकडा कधी येतो याची सवयीने वाट बघत होतो.

“काय म्हणती ती?” मावशींनी विचारलं.

“पुलाखालचं यंत्र वाहून गेलं.”

“म्हंजी आता पाणी कुठवर आलंय ते तुला कळायचं न्हाई?”

“नाही. काहीच नाही कळणार.”

मावशींनी आपल्या शेजारचं गोणपाट हाताने झटकलं.

“मग बस की जरा,” त्या म्हणाल्या.